उल्लेखनीय काही नाही

गुरुवारी दोन ते चार, किडरमिन्स्टरच्या ग्रंथालयात
प्रिंटरशेजारच्या टेबलापाशी मी बसते.
पाटीवर लिहिलंय : रिपोर्ट समजून घ्यायला मदत.
खाली बारीक अक्षरात : आम्ही डॉक्टर नाही.

रेग हॅलम आज तणतणतच आला.
फोन माझ्यापुढे सरकवून एका शब्दावर बोट ठेवलं.
स्कॅनखाली लिहिलं होतं : हृदय, अनरिमार्केबल.
"बेचाळीस वर्षं गालिचे विणले,
दोन बायकांना माती दिली,
आणि हे म्हणतात उल्लेखनीय काही नाही?"
म्हटलं, रेग, या एका जागी
आपला उल्लेख न होणं हेच भाग्य.
तो हसला नाही. मग हसला.

खाली लाल अक्षरातला एच. पोटॅशियम
पाच पॉइंट चार, मर्यादा पाच पॉइंट तीन.
मी तोंड उघडायच्या आत त्यानंच सांगितलं :
गालिचाच्या काठाला पाव इंच इकडेतिकडे चालायचं,
त्यापुढे गेलं की मुकादम यायचा.
"म्हणजे मुकादमाला फोन करू?"
कर. आजच कर. घाबरून नको.

मिरजेच्या लॅबमध्ये मी निळ्या शाईनं रिपोर्ट लिहायचे,
घडी घालून हातात द्यायचे. लोक तो उघडत नसत.
डॉक्टरांपुढे ठेवायचे आणि आधी त्यांचा चेहरा वाचायचे :
भुवई, चष्मा,
पेन उचलण्यापूर्वीचा थांबा.
आता आकडे रात्री साडेअकराला येतात,
उशीशेजारी थरथरत,
चेहऱ्याशिवाय.

चाराला दहा कमी. एक नवी बाई. बेरिल.
कोटाचं एकही बटण काढलं नाही.
"निगेटिव्ह म्हणजे वाईट ना?"
नाही हो, ते चांगलं.
"आणि ही ओळ?"

ही ओळ.
दोनदा वाचली. मिरजेची बावीस वर्षं
एकदम माझ्या भुवईत येऊन उभी राहिली
आणि मी तिला जागची हलू दिलं नाही.

कागद घेतला. तिनं डॉक्टरांना विचारायचे तीन प्रश्न
लिहून दिले, मोठ्या अक्षरात.
दवाखान्याचा नंबर तिनं माझ्यासमोरच लावला.
संगीत वाजायला लागलं. रांगेत तुम्ही सातव्या.
दिवे मालवायला आलेल्या पोराला मी हातानंच थांबवलं.

फोन कानाशी धरून
ती माझ्याकडे बघत होती.
सहाव्या.
अजून सहाव्या.