बसल्याची नोंद

उदगीरच्या आमच्या कॉलेजात, मागच्या इमारतीत
एकच मोठं मशीन आणि त्याला जोडलेले अकरा पडदे.
दाराशी रजिस्टर, सुतळीनं बांधलेला पेन.
त्यात सगळे दहाला येतात, पाचला जातात,
आठवड्याच्या सह्या शनिवारी एका बैठकीत होतात,
एकाच शाईत.

दुसरं रजिस्टर मशीनच्या पोटात.
कोण आलं, कुठल्या पडद्यावर, किती वाजता,
कधी उठलं. एवढंच.
काय केलं ते विचारत नाही.
मी चौदा वर्षं ते वाचतोय.

कानगुले सर: दहा चाळीस ते दहा एकेचाळीस.
नसरीन काझी, दुसरं वर्ष: पाच नंबरवर सलग सहा तास,
परीक्षा संपल्यावरसुद्धा.
लाईट गेली की सगळ्यांच्या नावापुढे एकच शब्द,
निरोप न घेता गेले, असा त्याचा अर्थ.
मे महिन्यात पानंच्या पानं तशी.
एकदा आतला बटणाएवढा सेल संपला
आणि साऱ्या कॉलेजनं हजेरी लावली
एक जानेवारी एकोणीसशे सत्तर, पहाटे साडेपाचला.
प्राचार्यांचासुद्धा तेव्हा जन्म व्हायचा होता.
ती पानं मी तशीच ठेवलीत.
खोटं नाही लिहिलं त्यानं,
त्याला तेवढंच माहीत होतं.

मग तपासणीची समिती येणार म्हणून
प्राचार्यांनी यादी छापून मागितली
आणि तांबड्या पेनानं एका ओळीला गोल केला.
प्रयाग. पडदा अकरा. सहा दहा ते सहा तेरा.
रोज, रविवार सोडून, चार वर्षं.
ही कोण?

प्रयागबाई गोटमुकले. झाडू, फरशी, पाण्याचा माठ.
खातं मीच काढून दिलं होतं.
मी सकाळी सहाला मशीन बघायला यायचो,
तेव्हा झाडता झाडता तिनं विचारलं होतं,
"सर, ह्याला नाव सांगितलं की आत घेतंय का?
कुणालाबी?"

पगाराच्या कागदावर तिचा अंगठा.
मराठीत सही येत नव्हती, इंग्रजीत सहा अक्षरं आली,
वीस दिवसांत, दोन बोटांनी,
दर वेळी हात पदराला पुसून.
परवलीचा शब्द तिनं स्वतः ठरवला,
मला भिंतीकडं तोंड करायला लावून.
मग काळ्या पडद्यावर एक ओळ उमटायची:
याआधी तुम्ही काल सहा दहाला आला होतात.
ती मी वाचून दाखवायचो.
"ध्यानात हाय त्याच्या," म्हणायची
आणि नीट बाहेर पडायची.
कानगुले सरांना ते अजून जमत नाही,
खुर्ची सोडतात, खातं उघडंच.

"ही ओळ काढा," प्राचार्य म्हणाले.
काढता येते. अर्ध्या मिनिटाचं काम.
मी म्हणालो, त्यातून काही काढता येत नाही सर.
मशीनचा पंखा उगाच जोरात फिरल्यासारखा वाटला.

आज तिचा शेवटचा दिवस. नारळ, टॉवेल,
प्राचार्यांचं भाषण, त्यात तिचं आडनाव चुकलेलं.
त्याआधी सकाळी ती आली, सहा दहाला,
सहा तेरा झाले, सव्वासहा झाले,
उठली, झाडू घेतला,
पण बाहेर पडली नाही.
मी विचारलं नाही, विसरलात का म्हणून.
चार वर्षांत एकदाही विसरली नव्हती.

आता रात्रीचे साडेआठ.
तिच्या नावापुढे जायची वेळ नाही,
अजून आत आहे, इतकंच.
नऊला लाईट जाणार, वेळापत्रकात आहे.
मी इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांची झाकणं उघडून बसलोय,
पाण्याचा कॅन, प्लास्टिकचं नरसाळं,
एका बॅटरीचे सहा कप्पे, दुसरीचे सहा.
चौथ्या कप्प्यात पाणी फारच खाली गेलं होतं.