मधली पायरी

धापोडकर मॅडमनी फळ्यावर शिडी काढली,
भिंतीला टेकलेली, आणि विचारलं,
हिचा पाय घसरला तर
मधला बिंदू कुठून कुठून जाईल?

साऱ्या वर्गानं वहीत झोळी काढली.
खोलगट, कोपऱ्याकडे झुकलेली.
मीही काढली. मला वाटायचं,
पडणारं सगळं आधी आत ओढलं जातं.

"कंपासपेटी उघडा. झाकण म्हणजे भिंत.
पट्टी टेकवा, साडेसातावर खूण करा,
मागे कागद धरा. सरकवा. टिंब द्या."

टिंबं झोळीत पडेनात. बाहेर फुगत गेली.
वर्तुळाचा पाव तुकडा, केंद्र कोपऱ्यात.
कर्णाचा मध्य, मॅडम म्हणाल्या,
काटकोनापासून कायम कर्णाच्या निम्म्यावर.
शिडी पडते. ते अंतर पडत नाही.
याला बिंदुपथ म्हणतात.

शाळा सुटल्यावर मी तांडापेठेत, घरी गेलेच नाही.
गांधीबागेत, मिरचीच्या गोदामामागचा बोळ.
दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात,
बाबा इथे 'हळद'मधला 'द' रंगवत होते,
आणि फरशीवर कुणाच्या तरी कूलरचं पाणी.
घसरताच त्यांनी मधली पायरी धरली, ब्रशासकट.
ब्रश बाजूच्या भिंतीला घासत खाली आला.
निळी रेघ अजून आहे.
आई या बोळातून जात नाही.

सुतळीचं एक टोक कोपऱ्यात धरायला
एका हमालाला सांगितलं.
"कायचं माप घेऊन राहिली वं पोरी?"
सात फूट. वर सात.
मध्ये सात.
फरशीपाशी, जिथे रेघ जाड होऊन संपते,
तिथेही सात.

रात्री बाबांना सांगितलं.
उजवा पाय खाटेवर लांब ठेवून ऐकत होते.
"म्हंजे मी सरळ नाही पडलो?"
"नाही. गोल पडले तुम्ही."
इतके हसले की आई
भाकर तव्यावर टाकून बाहेर आली.

मग जरा वेळानं,
"अन् एक पायरी वर असतो तं?"

मी खूण वर केली, पट्टी सरकवली.
गोल येईना. लांबट काहीतरी,
एका अंगानं दबलेलं.
मॅडमना विचारलं. म्हणाल्या, ते अकरावीत.

बाबा आता बसून नंबरप्लेटा रंगवतात.
टर्पेंटाइनमध्ये ब्रश बुडवत,
वर न बघता म्हणाले,
"तं मंग शीक अकरावी."