एमिली बोलतेय

रात्री दहाला व्हेनीशा गॅबिडन
आपलं नाव लॉकरमध्ये ठेवते,
छत्री आणि भाताच्या डब्याशेजारी,
आणि हेडफोन लावून एमिली होते.
न्यू किंग्स्टनमधला सातवा मजला,
एसी इतका गार की या उकाड्याच्या बेटावर
तिने स्वेटर घेतलाय, हप्त्यावर.

"एमिली बोलतेय. काय मदत करू?"
ओहायोतला राउटर, टेक्सासातलं बिल,
एकाला फक्त शिव्या द्यायच्या असतात,
तोही कॉल मोजतात: चार मिनिटं वीस सेकंद.
लघवीला सात मिनिटं, त्याचीही नोंद.
सुपरवायझर लिंडो म्हणतो, हसून बोला,
हसू ऐकू येतं.

काचेखाली शहर. बँकांच्या इमारती,
त्यांच्या पाठीला टेकलेली पत्र्याची कुंपणं,
डोंगरावर दिव्यांच्या दोन जाती:
बंगल्यांचे, पिवळे, जागचे न हलणारे,
आणि आकडा टाकून आणलेले,
जे वारा सुटला की एकमेकांना विचारून विझतात.
त्यांच्याही पलीकडे समुद्रात घुसलेली धावपट्टी.
तिथूनच आई गेली. व्हेनीशा नऊ वर्षांची.
"सहा महिने," म्हणाली होती.

एकवीस वर्षांत बारा पिंपं आली,
निळी, छातीएवढी उंच,
साबण, तांदूळ, मोजे, कॉर्नफ्लेक्स,
आणि दर खेपेला एक नंबर लहान बूट.
आईच्या हिशेबात पाय वाढलाच नाही.
पिंपं वाया गेली नाहीत.
त्यांत पाणी साठवतात.

तीन वाजून दहा मिनिटांनी
कनेटिकटमधली एक म्हातारी:
झोप लागत नाही, टीव्ही लागत नाही, नवरा वारलाय,
टीव्ही लागत नाही.
मागची वायर बघा, एमिली म्हणते.
म्हातारीला वाकता येत नाही. "थांब, बाईला सांगते."

फोनच्या तळाशी कुणीतरी
सपाता ओढत येतं,
गुडघे टेकताना "देवा रे" म्हणतं,
आणि तो "रे"
सेंट मेरीच्या चढणीसारखा वर जातो.

व्हेनीशाचा हात माउसवर थांबतो.
आई ब्रॉन्क्सात असते. ही ती नव्हे.
हे तिला ठाऊक आहे,
आणि ही कुणाची तरी आहे, तेही.

"लाल वायर काढून परत लावा."
"लाल कुठली, बाय? मला दोन्ही काळ्याच दिसतात."
"मग जाडी बघून घ्या की," एमिलीच्या तोंडून निसटतं,
ज्या सुरात निसटतं
तो सूर ओहायोत पिकत नाही.

कॉल रेकॉर्ड होतोय. दोघी गप्प.
टीव्ही लागतो, कुठली तरी जाहिरात ओरडते.
त्या आवाजाच्या आडोशाने बाई विचारते,
"जेवलीस का?"
स्क्रीनवरच्या यादीत या प्रश्नाला उत्तर नाही.
"आणखी काही मदत हवी आहे का?"
"नको गं. नीट जा घरी."

अकरा मिनिटं चाळीस. लिंडो उद्या बोलणारच.

सहाला हाफ वे ट्री.
घड्याळाच्या मनोऱ्याखाली रूट टॅक्सीवाले
गिऱ्हाइकाला बाही धरून ओढतात.
चौघांच्या गाडीत ती सहावी,
मांडीवर कुणाचं तरी दप्तर.
गल्लीच्या तोंडाशी मिस आयोनी आंबे मांडतेय:
ज्युली, नंबर अकरा, ईस्ट इंडियन, बॉम्बे.
"बॉम्बे म्हणजे काय?" दप्तरवाला पोरगा विचारतो.
"गोड असतो," मिस आयोनी म्हणते, "आणि धागा नसतो."
व्हेनीशा दोन घेते. एक उधार.

पाणी आज सातपर्यंतच.
अंगणातल्या पिंपावर आईचं अक्षर,
काळ्या मार्करचं, उन्हाने करडं झालेलं:
व्हेनीशा गॅबिडन, किंग्स्टन आठ,
सांभाळून उतरवा.
नळ आधी खोकतो, मग गंज येतो.
पाणी यायच्या आत
ती पिंपात तोंड घालते
आणि म्हणते, "जेवले गं."

पिंप अजून रिकामं आहे.
तेही म्हणतं.