पेव

रायगोंडा मगदूमांना हव्या होत्या तीनच ओळी:
राजापुरी, कणी, गड्डा. आजचा भाव.
अडत दुकानाच्या दारात फळा आहे त्यांचा,
खडूनं लिहायचं, दुपारी फडक्यानं पुसायचं.
"ह्येच मोबाईलवर दिसाया पायजे ओ, ताई.
हिंगोलीचा माणूस फोन करून डोस्कं खातोय."
मी म्हणाले, आठ दिवस.
ते म्हणाले, "तीन ओळींना?"

विश्रामबागेत, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
श्रेणिकनं काळ्या पडद्यावर एक हुकूम टाकला
आणि पॅकेजं उतरू लागली.
चारशे. आठशे. एक हजार तीनशे बारा.
खाली कुणाचं तरी दळण संपलं, गिरणी थांबली,
आमचं चालूच.
ह्यातलं हे एक काय करतं रे?
त्यानं उघडून बघितलं.
"तारखेच्या आकड्याआधी शून्य लावायचं का, ते ठरवतं."
आणि हे दुसरं?
"ते पहिल्याला लागतं."

अठरा वर्षं झाली मला ह्यात.
पहिलं पान लिहिलं मिरजेच्या एका दवाखान्यासाठी,
एकच फाईल, वरून खाली वाचत जावी
अशी, पत्रासारखी.
मग एक फ्रेमवर्क आलं, शिकले.
ते जुनं झालं म्हणाले, दुसरं शिकले.
तिसऱ्यानं पहिल्या दोघांना मूर्ख ठरवलं,
चौथं म्हणालं, पहिल्याचंच खरं होतं,
फक्त नीट सांगता आलं नाही त्याला.
पेव फुटलंय, म्हणतात लोक सहज.
मी हरिपूरची. मी पेव बघितलंय.

जमिनीत वीस हात खोल. तोंड एवढंसं, पोट मोठं.
तळाला पाचट, त्यावर हळद,
तोंडावर मातीचा लिंपा. वर्षानुवर्षं कीड नाही.
ना वीज, ना कुलूप.
पुरानं पेवं गेली तेव्हा सगळे हळहळले,
किती साधं होतं म्हणून.

शिदूमामा उतरायचा पेवात.
झाकण काढून रात्रभर तोंड उघडं ठेवायचा,
सकाळी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा.
ज्योत विझली तर उतरायचं नाही.
हे कुठं लिहिलेलं नव्हतं.
आम्हाला वरून नुसतं भोक दिसायचं.

सौद्याच्या दिवशी पान उघडेना.
कुठल्यातरी देशात कुणीतरी
झोपायला जाण्याआधी आपल्या कोडात
एक कंस इकडचा तिकडं केला होता.
पांढरा पडदा. रायगोंडांचा फोन.
"मी फळ्यावर लिव्हलंय. तुमचं कदी?"

श्रेणिकचे कान लाल.
चूक त्याची नव्हती. माझी नव्हती.
एक हजार तीनशे बारा जणांत
ती कुणाची, हे हुडकायला दुपार गेली असती.
मी कोरी फाईल उघडली.
अकरा मिनिटं. तीन ओळी.
हिंगोलीचा माणूस गप्प झाला.

जिंकल्यासारखं वाटलं मला. संध्याकाळपर्यंत.
श्रेणिकनं चहा ओतता ओतता एवढंच विचारलं,
"उद्याचा भाव कोण बदलणार? फाईल उघडून, तुम्ही?"
आणि सहाला फोन आलाच.
"भारी झालंय बघा. आता आसं करा,
शेतकऱ्याला त्येची पट्टी दिसू दे, ज्याची त्यालाच.
वजन, हमाली, तोलाई समदं.
आन् भाव पडला की घंटी वाजू दे."

मी एकेक लिहून घेतलं, पाठकोऱ्या पावतीवर.
तोंड एवढंसं.

रात्री श्रेणिकनं खुर्ची ओढली, तोच हुकूम टाईप केला,
एन्टरवर बोट ठेवून माझ्याकडं बघितलं.
थांब, म्हटलं. आधी यादी वाच.
"सगळी?"
जिथवर आपल्याला कळतंय तिथवर.
तो वाचू लागला.
मी दोरी सोडत राहिले,
ज्योत दिसतीय का बघत.