ऊस : नियम क्रमांक चौदा

लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यातून मी रणगाडे कापते.
स्नेहलतागंजात दर मोसमाला इतकी लग्नं
की दोन्ही बाजूंची चिलखती दळं भरून पत्रिका उरल्या.
एका पॅटनच्या पाठीवर अर्धा गणपती आहे,
एका शर्मनच्या पोटाखाली ‘आग्रहाचं निमं’.

एक षटकोन म्हणजे दीडशे मीटर.
एक खेळी म्हणजे दहा मिनिटं.
सप्टेंबर पासष्ट, असल उत्तरची शेतं.
आपली तोफ शहात्तर मिलिमीटर, त्यांची नव्वद,
पोलादाची जाडी, बुरूज वळायला लागणारे सेकंद,
सगळं तक्त्यात बसवलं.
तीस वर्षं होळकर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलंय,
फाशांना मी घाबरत नाही.

चिखलही जमला.
शेतांत सोडलेलं पाणी : निळ्या पेन्सिलीच्या रेघा,
आत शिरलात की फासा टाका,
एक किंवा दोन पडले, रुतलात.
अडला तो ऊस.

मी लिहिलं होतं : उसात दृष्टी एक षटकोन.
महूहून दफेदार खंगारसिंह आले, बसने, छत्री घेऊन.
शर्मनचे ड्रायव्हर होते, आता गुडघे वाजतात.
नियम चष्म्याला टेकवून वाचला.
हे कोण बघतंय? म्हणाले.
कोण म्हणजे?
म्हणजे गाडीतला, की तुम्ही, वरून, ट्यूबलाइटखाली?

गल्लीच्या तोंडाशी भागीरथ कुमावतची रसाची गाडी,
भिंतीला टेकवलेल्या मोळ्या.
ते मागे जाऊन उकिडवे बसायला गेले, जमेना,
मग मलाच बसवलं.
बासष्टाव्या वर्षी, इस्त्रीच्या साडीत, फुटपाथवर.
डोळ्यांपुढे दोन बोटांची फट धरायला लावली
आणि भागीरथला खूण केली, चरखा चालू ठेव,
बाईंना काही ऐकू येता कामा नये.

काय दिसतं?
हिरवं. पिवळं. परत हिरवं. एक माशी.
आता?
काहीतरी हललं.
आपलं की त्यांचं?

चरख्याचे घुंगरू कानात.
पायाला मुंग्या. घामाचा थेंब फटीतून डोळ्यात.
लवकर सांगा. आपलं की त्यांचं?
निळा शर्ट होता बहुतेक. नाहीतर टेम्पो.

बहुतेक, ते म्हणाले.
गनरनं विचारलं तेव्हा मीही हेच म्हणालो होतो.

मग काय निघालं ते?
त्यांनी ग्लासातला आल्याचा तुकडा बोटानं काढला.
लिंबू जास्त झालंय आज, म्हणाले
भागीरथला.

नियम चौदा, सुधारित.
उसाच्या कडेचा प्रत्येक पुठ्ठा पालथा ठेवावा.
आधी गोळा.
पुठ्ठा त्यानंतर उलटावा.

म्हणजे पाठी सगळ्यांच्या सारख्या हव्यात.
रात्री बसून खाकी कागद डकवला,
एकशे बारा तुकडे, खळ घरची.
गणपतीपाशी थोडा वेळ गेला.

रविवारी चाचणीचा डाव. दफेदारांचा निरोप,
गुडघे. भाचा आला, शिरीष,
त्यानं नियम एकदाच वाचले आणि भराभर खेळला.
माझ्या शर्मनसमोर, दोन षटकोनांवर,
एक पालथा पुठ्ठा.
फासा टाकला. सहा.

तक्त्याप्रमाणे सहाला गाडी पेटते.
मावशी, उलट ना, शिरीष म्हणतो,
चहा निवतोय.