बियांचा आवाज

मागच्या हिवाळ्यातल्या तापानं
बाबांच्या नाकातला वास नेला,
तो काही परत आणून दिला नाही.
लीथ बर्गन, वय एकाहत्तर,
चाळीस वर्षं ह्या उतारावर पिनो न्वार,
आणि आता ग्लासात नाक खुपसून बसतात,
बंद दुकानाच्या पायरीवर बसावं तसे.

एप्रिल. शेगडीत लाकूड वाढवायचे दिवस.
खाली खाडीचं पाणी शिशासारखं,
पलीकडे ब्रुनी बेट, अर्धं धुक्यात,
आणि दक्षिणेचा वारा, जो बर्फावरून निघतो
आणि थेट आमच्या वेलींवर येऊन टेकतो.
मध्ये दुसरी जमीन नाही.

रोझलिन तारी, वानुआतूहून तिसऱ्यांदा आलेली,
जाळीत अडकलेला चष्मेवाला कात्रीनं सोडवते.
जाता जाता तो तिचंच बोट चावतो.
चोर तो चोर, वर शिरजोर.

"सांग," बाबा म्हणतात,
आणि गेल्या सालचा पिंपातला घोटभर पुढे धरतात.
मी हे शिकलेली नाही. मी हिशेब ठेवते,
ट्रॅक्टरचे हप्ते भरते.
"ओला दोर," मी म्हणते. "बोटीचा.
काडेपेटीची कड.
आणि आईच्या निळ्या कोटाचा खिसा,
लिंबाच्या गोळ्या असायच्या तो."
ते वहीत दोर लिहितात. काडेपेटी लिहितात.
कोटापाशी पेन थांबतं.
"आंबट आहे?"
"आहे. ऊनच इथं हात आखडून पडतं."

शुक्रवारपासून पाऊस म्हणतात.
साखर अजून एक रेघ मागे.
शेजारचे उद्याच तोडणार.

बाबा वरच्या ओळीत जातात.
एक मणी तोंडात टाकतात, गर गिळतात,
साल थुंकतात,
आणि बी दाढेखाली धरून डोळे मिटतात.
कट्.
दुसरी ओळ. कट्.
हिरवी बी मुकाट चेपते, पिकलेली बोलते,
असं मी सहा वर्षांची असताना सांगायचे.
मला थट्टा वाटायची.
रोझलिन एक बी चावते. मीही.
तिघं वाऱ्यात उभे, तोंडं मिटून,
भिंतीपलीकडचं भांडण ऐकावं तसे.

"गुरुवारी," बाबा म्हणतात. "उजाडायच्या आत."
आणि उतार उतरताना, मागे न बघता:
"गोळ्या लिंबाच्या नव्हत्या. संत्र्याच्या."

ते गेल्यावर मी ग्लासातला उरलेला घोट घेते.
लिंबूच आहे.