दोन्ही दारं

फॉर्म तीन दिवस टेबलावर पडलाय.
कोपऱ्याला फणसाच्या चिकाचा डाग,
तो माझ्याच हाताचा.
चार चौकोन, चारही पेन्सिलीने भरलेले:
भौतिक, रसायन, गणित, जीव.
चौथा दोनदा खोडून पुन्हा लिहिलाय,
कागद तिथे पातळ झालाय,
दिव्यासमोर धरला की कळतं.

म्हापशाहून उर्वीचा मामा, फोनवर:
"चारही घेऊ दे. दोन्ही दारं उघडी राहतात.
डॉक्टर तर डॉक्टर, इंजिनियर तर इंजिनियर.
आज एक सोडलंस की एक दार कायमचं बंद."
मी हो हो म्हणत राहिले,
चुलीवर कढी उतू जात होती.

पडवीत हिचे बाबा जाळं सांधत होते.
त्यांनी ऐकलं असणार, सुई थांबली.
चोडणच्या मानशीवर सोळा वर्षं झाली त्यांना.
भरती आली की दार पाण्यानेच मिटतं,
ओहोटीला पाण्यानेच उघडतं,
हे फक्त फळ्या चाचपतात, कुठली कुजली बघतात
आणि रात्री-अपरात्री बांधावरून फिरून येतात.
"दोन्ही दारं उघडी?"
एवढंच विचारलं त्यांनी, कुणालाच नाही विचारलं.
मग ते एक वर्ष सांगितलं,
फळी तुटून रातोरात खाजनात खारं शिरलं होतं ते.
कोरगूटसुद्धा गेलं.
खारं पचवणारं भात ते,
त्यालाही किती पचवायचं याची हद्द असते.

पण मामा काही खोटं बोलत नाही.
मी सोडलं होतं गणित अकरावीला,
तास संपायचे साडेपाचला,
घरी पोचेतो काळोख, आणि वडिलांना काळोख चालायचा नाही.
आता पंचायतीत घरपट्टीचे आकडे मांडते.
एखाद्या दुपारी लांबलचक बेरीज
पहिल्या फटक्यात जुळते,
आणि मी उगीचच खिडकीबाहेर बघून हसते.
ते दार मिटलं तेव्हा आवाज झाला नव्हता.

मिस्किता टीचर म्हणाल्या, "चारही झेपतील तिला.
हुशार आहे. फक्त फेब्रुवारीत
प्रयोगशाळेत झोपली होती,
कपाळ टेबलावर, हातात परीक्षानळी उभीच.
एक थेंब सांडला नाही."
हे कौतुक की तक्रार
ते मी विचारायला हवं होतं.

काल रात्री उर्वीने हिशेब मांडला, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर.
कॉलेज साडेसहा तास.
फेरीबोट, बस, रांग धरून अडीच.
ट्यूशन तीन, अभ्यास साडेतीन,
झोप सात, "त्याहून कमी नको, आई, मी चिडते."
आंघोळ, कपडे, वेणी पन्नास मिनिटं.
"उरली चाळीस. त्यात जेवण आहे."
मग पेन्सिल कानावर खोचून म्हणाली,
"मी जीव सोडते."

बाबांच्या हातातला तांब्या तसाच राहिला.
मी वळले.
तिलाच आधी कळलं आपण काय बोललो,
आणि ती इतकी हसली की उचकी लागली,
मग आम्हीही.
"जीवशास्त्र गं! चौथ्या जागी भूगोल चालतो, मी विचारलंय.
संध्याकाळी बांधावर बसायला मिळेल.
चिखलात उड्या मारणारे ते मासे बघायला.
नुसते बघायला. त्यांची आकृती काढून नावं द्यायला नाही."
भूगोल सोपा म्हणून घेतेस का, असं ओठावर आलं होतं.
आलं तसं गिळलं.

आज सकाळी तिने पेनने लिहिलं.
कागद पातळ होता तिथे निब आरपार गेली,
'भू'च्या पोटात एक भोक.
मागून चिकटपट्टी लावली, मी सही केली,
माझी सही जरा तिरकीच येते.
प्लास्टिकच्या पिशवीत फॉर्म घालून
ती सातच्या फेरीने गेली.

मामाला मीच सांगणार आहे.
उद्या.
किंवा रविवारी येतोच तो, तेव्हा, जेवण झाल्यावर.